तापलेल्या इंजिनावर लुकलुकणारा तेलाचा दिवा : जुन्या जिप्सीसाठी ऑइल निवडण्याआधी काय तपासावे

इंजिन चांगले तापल्यावर आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसते चालू असताना, तेलाचा लाल दिवा लुकलुकतो आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबला की विझतो. नवे ऑइल भरल्यावर तीन-चार आठवडे सारे सुरळीत चालते आणि मग एखाद्या रविवारी घाट चढून गाडी थांबवली की तोच दिवा पुन्हा लुकलुकू लागतो. माझ्या १९९२ सालच्या, ९७० सीसी कार्ब्युरेटर इंजिनाच्या जिप्सीत हा प्रकार जवळजवळ दीड वर्ष चालू होता. त्या काळात मी चार वेळा ऑइल बदलले आणि ते अधिकाधिक जाड करत गेलो. इंदूरमध्ये जुन्या फोर-बाय-फोर गाड्या सांभाळणाऱ्या आमच्या ओळखीच्या बऱ्याच मराठी घरांत हीच तक्रार ऐकू आली, म्हणून ती कशी सुटली ते क्रमाने लिहीत आहे.

मला जे सांगायचे आहे ते आधीच सांगतो. जुन्या इंजिनात कोणते ऑइल घालावे हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यात, आज जे आहे ते अजून ऑइल राहिले आहे का, हे पाहिले पाहिजे. माझ्या गाडीत ते राहिलेले नव्हते. त्यात पेट्रोल मिसळत होते, आणि त्यामुळे मी निवडलेला प्रत्येक ग्रेड (ऑइलची जाडी सांगणारा आकडा) महिन्याभरात वेगळाच कुठला तरी ग्रेड होऊन जात होता.

गाडीचा वापर कसा होता हे येथे सांगणे आवश्यक आहे, कारण दोषाचा अर्धा उलगडा त्यातच आहे. आठवडाभर गाडी घरापासून मंडईपर्यंत आणि परत, म्हणजे जेमतेम दोन-तीन किलोमीटर फिरते. महिन्यातून एक-दोन रविवारी ती महूच्या पुढे जानापावच्या डोंगराकडे, चोरलच्या बाजूला किंवा खंडवा रस्त्यावरून भेरूघाट उतरून खाली जाते. म्हणजे एकतर इंजिन पुरते तापतच नाही, किंवा मग लो रेंजमध्ये (चढासाठीच्या जोरकस, धिम्या गिअर-जोडीत), पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, तासनतास इंजिनाचे भरपूर फेरे आणि गाडीचा अगदी कमी वेग अशा अवस्थेत ते भट्टीसारखे तापते. रेडिएटरमधून वारा नीट वाहत नाही आणि चेंबरच्या पत्र्याला खालून लागणारी हवाही जवळजवळ बंद होते. मे महिन्यात माळव्यात पारा ४२ अंशांपुढे गेलेला असतो, तेव्हा तर ऑइल आणखीच पातळ होते. अशा वेळी आयडलिंगचा दाब उतरणे काही प्रमाणात स्वाभाविक असते, आणि म्हणूनच खरा दोष उन्हाच्या आड सहज लपून राहतो.

पहिल्यांदा दिवा लुकलुकला तेव्हा मिस्त्रींनी सांगितले, "इंजन अब थक गया है, गाढा ऑइल डलवा लो." तो सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. इंजिनातील फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या बेअरिंगमधील फट वाढली की ऑइल त्यातून लवकर निसटते आणि दाब उतरतो. जाड ऑइल सावकाश निसटते, म्हणून दाब वाढलेला दिसतो. मी १५डब्ल्यू-४० वरून २०डब्ल्यू-५० वर गेलो आणि दिवा विझला. महिन्याभराने तो पुन्हा लागला तेव्हा दुसऱ्या दुकानातून २०डब्ल्यू-५० घेतले. तिसऱ्या वेळी त्यात ऑइल घट्ट करणारे मधासारखे द्रव्य बाटलीभर ओतले, आणि चौथ्या वेळी बाटलीही दुप्पट झाली. हिवाळ्यात सकाळी गाडी सुरू केल्यावर वरच्या भागातून टॅपेटांचा खडखडाट बराच वेळ ऐकू येऊ लागला, कारण ते घट्ट मिश्रण कॅमपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या वरच्या दांड्यापर्यंत, पोहोचायलाच वेळ लागत होता. त्या थंड अवस्थेत दाबाचा काटा मात्र उत्तम दिसला असता, आणि नेमके येथेच पुष्कळांची गफलत होते. दाब म्हणजे ऑइलच्या वाटेत होणारा अडथळा आणि प्रवाह म्हणजे प्रत्यक्ष बेअरिंगला मिळणारे ऑइल. ऑइल वाजवीपेक्षा घट्ट असेल तर ऑइल पंपाची रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) उघडते आणि बरेचसे ऑइल बेअरिंगकडे न जाता परत फिरते. काटा वर राहतो आणि कॅम कोरडा राहतो.

दोष सापडला तो डिपस्टिकमुळे, म्हणजे ऑइलची पातळी मोजण्याच्या कांडीमुळे. दर रविवारी सकाळी मी पातळी पाहत असे, आणि ती कधी कमी होत नाही याचे मला समाधान वाटत असे. सैन्यातील वाहन दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले, महूचे एक ज्येष्ठ गृहस्थ एकदा बरोबर होते. त्यांनी डिपस्टिक हातात घेतली, वास घेतला आणि विचारले, "तीस वर्षांचे इंजिन आहे, रिंगा जुन्या आहेत, मग ऑइल थोडेसुद्धा जळत कसे नाही?" या एका प्रश्नाने सगळे चित्र पालटले. ऑइल जळत होतेच, पण जितके कमी होत होते तितके, किंबहुना थोडे अधिकच, पेट्रोल त्या जागी भरत होते. त्या दिवशी पातळी वरच्या खुणेच्या सुमारे अर्धा सेंटिमीटर वर होती, आणि मी मात्र मागच्या वेळी भरताना जास्त पडले असेल असे समजत आलो होतो. घरी येऊन ऑइल काढले तेव्हा भरलेल्या साडेतीन लिटरच्या जागी जवळजवळ चार लिटर निघाले, आणि ते पाण्यासारखे धारेने वाहत होते.

हे पेट्रोल येते कुठून, ते पाहू. कार्ब्युरेटरच्या जुन्या जिप्सीत पेट्रोलचा पंप यांत्रिक असतो, कॅमशाफ्टच्या ढकलण्याने चालतो आणि त्यात रबरी डायफ्रॅम असतो. आपल्याकडचे मिस्त्री त्याला एसी पंप म्हणतात. तो डायफ्रॅम चिरला की पेट्रोल कधी पंपाच्या छिद्रातून बाहेर ठिबकते, तर कधी इंजिनाच्या आत उतरून थेट चेंबरमध्ये जाते. बाहेर ठिबकले तर वासाने कळते. आत उतरले तर गाडी व्यवस्थित चालत राहते, फक्त ॲव्हरेज थोडे घटते, आणि ऑफ-रोड गाडीचे ॲव्हरेज काटेकोरपणे कोण मोजतो? माझा पंप खोलला तेव्हा डायफ्रॅमच्या कडेला बारीक चीर होती आणि खालची बाजू पेट्रोलने ओली होती.

डायफ्रॅम इतक्यात कसा गेला, याचेही कारण आहे. आज पंपावर मिळणारे सर्वसाधारण पेट्रोल २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. १९८० आणि १९९० च्या दशकांतील गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नव्हते. काही जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलमध्ये फुगते, मऊ पडते आणि वाळल्यावर तडकते. दुकानातील जुन्या साठ्यातला, वर्षानुवर्षे पडून राहिलेला डायफ्रॅम बसवला तर तो वर्षभरात पुन्हा दगा देऊ शकतो, आणि मग समस्या सुटली असे वाटत असतानाच ती परत येते. म्हणून डायफ्रॅम किंवा पूर्ण पंप घेताना तो नव्या उत्पादनाचा आहे आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलला चालतो, याची खात्री करून घ्यावी. कार्ब्युरेटरपर्यंतच्या रबरी नळ्याही त्याच वेळी बदलाव्यात.

एसी पंप निर्दोष निघाला तर कार्ब्युरेटरकडे वळावे. चोक पूर्ण उघडत नसेल, फ्लोटची सुई नीट बसत नसेल किंवा जेट मोठा बसवलेला असेल, तर जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांमधून खाली उतरते. प्लग काढून पाहावेत. काळी, कोरडी, मऊ काजळी दिसली की मिश्रण समृद्ध आहे, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त आहे, हे समजावे. तिसरे कारण म्हणजे छोटे फेरे. दोन किलोमीटर चालवून बंद केलेल्या इंजिनात पेट्रोल आणि ओलावा दोन्ही साचतात, आणि ते उडून जाण्यासाठी ऑइल पुरेसे तापून बराच वेळ तापलेले राहावे लागते. म्हणून आता मी आठवड्यातून एकदा तरी बायपासवरून अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवतो. केवळ उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवल्याने हे साधत नाही, उलट चोकवर चाललेले थंड इंजिन पेट्रोल आणखी मिसळते.

घरच्या घरी करता येण्याजोग्या तीन तपासण्या आहेत, आणि त्या ऑइल विकत घेण्याच्या आधी कराव्यात. पहिली तपासणी पातळीची आणि वासाची आहे. गाडी सपाट जागी उभी करून, रात्रभर थांबून, सकाळी पातळी वहीत नोंदवावी आणि असे चार आठवडे करावे. पातळी वाढत असेल किंवा जुन्या इंजिनात ती अजिबात घटत नसेल, तर संशय घ्यावा. दुसरी तपासणी टिपकागदावरच्या थेंबाची आहे. डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाकून काही तास ठेवावा. मध्ये काळा ठिपका आणि बाहेर लांबवर पसरलेले फिकट, तेलकट कडे दिसले, तर त्यात इंधन असण्याची शक्यता बरीच आहे. पाण्याच्या संशयासाठी काही जण थेंब तापलेल्या तव्यावर टाकून तडतड ऐकतात, परंतु पेट्रोलचा थोडाही वास येत असेल तर तो प्रयोग मुळीच करू नये, कारण ती वाफ पेट घेते. पेट्रोल मिसळलेले ऑइल काढतानाही जवळ विडी, स्टोव्ह किंवा उघडा बल्ब असता कामा नये. अशा अवस्थेत गाडी चालवणेही टाळावे.

तिसरी तपासणी खऱ्या दाबाची आहे आणि तिला पर्याय नाही. डॅशबोर्डवरचा दिवा फक्त एवढेच सांगतो की दाब स्विचच्या मर्यादेखाली, म्हणजे साधारण प्रति चौरस सेंटिमीटर ०.३ ते ०.५ किलोखाली, गेला आहे. स्विच स्वतःच बिघडलेला असू शकतो, आणि त्याची वायर घासून बॉडीला लागत असली तरी दिवा लुकलुकतो. स्विच काढून त्या जागी यांत्रिक गेज लावावा, इंजिन पूर्ण तापवावे आणि आयडलिंगला व मिनिटाला ३,००० फेऱ्यांना दाब वाचावा. गाडीच्या मॅन्युअलमधील आकडा हाच प्रमाण मानावा. मॅन्युअल हाताशी नसेल तर मिस्त्रींचा जुना ठोकताळा असा की दर हजार फेऱ्यांमागे सुमारे ०.७ किलो दाब असावा. माझ्या गाडीत पेट्रोलमिश्रित ऑइलवर आयडलिंगला ०.४ आणि ३,००० फेऱ्यांना २.१ किलो आले होते. डायफ्रॅम बदलून, साध्या १५डब्ल्यू-४० ऑइलवर सुमारे ३०० किलोमीटर चालवून, ते काढून टाकून, नव्या फिल्टरसह तेच ऑइल पुन्हा भरल्यावर १.० आणि ३.२ किलो आले. ज्या इंजिनाला मी दीड वर्ष थकलेले समजत होतो, ते बऱ्यापैकी धडधाकट होते.

आता ऑइलच्या निवडीकडे येतो. डब्यावरच्या १५डब्ल्यू-४० यातील डब्ल्यू हा हिवाळ्याचा निदर्शक आहे. १५डब्ल्यू ऑइलची थंडीतील क्रँकिंगची चाचणी उणे २० अंशांना घेतली जाते आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. इंदूरमध्ये जानेवारीत किमान तापमान एखाद्या रात्री पाच-सहा अंशांपर्यंत उतरते. म्हणजे आपल्याकडे या पहिल्या आकड्यावरून वाद घालण्याचे फारसे कारण नाही, इतकेच की १५डब्ल्यू सकाळी कॅमपर्यंत थोडे लवकर पोहोचते. निर्णायक ठरतो तो दुसरा आकडा. ४० ग्रेडची दाटता १०० अंश तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (दाटता मोजण्याच्या एककाच्या) दरम्यान असते आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९ च्या दरम्यान. याशिवाय आणखी एक मोजमाप आहे, ज्याची चर्चा दुकानात कधी होत नाही : १५० अंशांना आणि बेअरिंगमध्ये असतो तशा प्रचंड घर्षणाखाली ऑइलची दाटता किती उरते. १५डब्ल्यू-४० साठी ती किमान ३.७ मिलिपास्कल-सेकंद असावी लागते आणि ५० ग्रेडसाठीही किमान मर्यादा तीच ३.७ आहे, तर ३० ग्रेडसाठी केवळ २.९ आहे. म्हणजे बेअरिंगच्या संरक्षणाच्या किमान कसोटीवर उत्तम १५डब्ल्यू-४० हे २०डब्ल्यू-५० च्या पंक्तीतच बसते. मात्र नव्या गाड्यांसाठीची ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० ऑइले, ती कितीही महाग असली तरी, या इंजिनांच्या कामाची नाहीत.

माझे मत असे आहे की पेट्रोलची भेसळ थांबवल्यानंतर इंदूरच्या हवेत ९७० सीसी किंवा १,२९८ सीसीच्या जुन्या इंजिनाला १५डब्ल्यू-४० पासून सुरुवात करावी. तापलेल्या आयडलिंगचा दाब मॅन्युअलच्या मर्यादेच्या जरा वरच रेंगाळत असेल, तर मार्च ते जून २०डब्ल्यू-५० वापरण्यास हरकत नाही. ती उन्हाळ्याची आणि झिजेची योग्य सोय आहे. बाटलीतले घट्ट करणारे द्रव्य मात्र मी पुन्हा कधीही घालणार नाही, कारण तयार ऑइलमधील घटकांचा तोल कारखान्यात साधलेला असतो आणि त्यात आपण काय बिघडवतो हे कळण्याचा मार्ग आपल्याकडे नसतो.

ग्रेडनंतर एपीआयची, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या दर्जाची, अक्षरे पाहावीत. एस ने सुरू होणारे वर्ग पेट्रोल इंजिनांसाठी असतात आणि सी ने सुरू होणारे डिझेलसाठी. जुन्या जिप्सीत कॅमवर रॉकर घासत चालतो, तेथे रोलर नाही, म्हणून झीज रोखणाऱ्या जस्त आणि फॉस्फरसयुक्त घटकाला महत्त्व आहे. धुरातील घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून एसएम (२००४) आणि त्यापुढच्या वर्गांत १०डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-३० यांसारख्या पातळ ग्रेडना फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के ठेवली गेली. ४० आणि ५० या ग्रेडना ती मर्यादा लागू नाही. आपल्याकडे चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो १९९५ मध्ये, त्यामुळे १९९२ च्या गाडीत तो नाहीच. डब्यावर सीआय-४ आणि एसएल अशी दोन्ही अक्षरे असलेले १५डब्ल्यू-४० हे मला या गाडीसाठी सर्वांत समाधानकारक वाटते. केवळ सी वर्ग लिहिलेले ऑइल पेट्रोल इंजिनात घालू नये. एफए-४ हा वर्ग तर जुन्या डिझेललाही वर्ज्य समजावा, कारण तो नव्या रचनेच्या इंजिनांसाठी मुद्दाम पातळ ठेवलेला आहे.

ज्यांच्याकडे जुनी डिझेल जीप आहे त्यांच्यासाठी थोडे वेगळे सांगावे लागते. त्या जीपच्या पुस्तिका लिहिल्या गेल्या तेव्हा डिझेलमध्ये गंधक फार होते. २००० साली लागू झालेल्या मानकातही ते २,५०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत २,५०० भाग) चालत असे, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर ते १० पीपीएमवर आले. गंधकापासून होणारे आम्ल मारण्यासाठी ऑइल वरचेवर बदलण्याचे जे कारण होते, ते आता बरेच ओसरले आहे. काजळी आणि धूळ ही कारणे मात्र तशीच आहेत. सीआय-४ वर्गाचे १५डब्ल्यू-४० तेथेही उत्तम चालते. तेथे पातळी वाढत असेल तर डिझेल आत उतरत असल्याचा संशय घ्यावा आणि इंजेक्टर, पंप तपासावेत.

सिंथेटिक घ्यावे का, असे पुष्कळ जण विचारतात. भेसळ चालू असताना महाग ऑइल घालणे म्हणजे पैसे चेंबरमध्ये ओतणे होय. दोष गेल्यावर घालायचे असेल तर घालावे, पण जुनी, कडक झालेली सीले आणि त्यांच्याभोवती साचलेला गाळ लक्षात घ्यावा. गाळ धुतला गेला की दडलेली गळती दिसू लागते. मी खनिज ऑइलवरच राहिलो आहे आणि ते लवकर बदलतो.

ऑफ-रोडवर आणखी दोन गोष्टी दाबाला छळतात. तीव्र उतारावर किंवा आडव्या कलत्या वाटेवर चेंबरमधील ऑइल एका बाजूला जाते, गाळणीची नळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. म्हणून पातळी वरच्या खुणेच्या जवळ ठेवावी, पण तिच्यावर कधीही जाऊ देऊ नये, कारण क्रँकने घुसळून झालेला फेस दाब धरत नाही. दुसरी गोष्ट पाण्याची आहे. नाला ओलांडून आल्यावर डिपस्टिकवर दुधट, ताकासारखा थर दिसला तर गाडी तेथेच बंद करावी आणि ऑइल बदलल्याशिवाय सुरू करू नये. माळव्याच्या काळ्या मातीची उन्हाळ्यातील धूळही कमी घातक नाही. एअर फिल्टरच्या रबरी जोडातून ती आत गेली की ऑइलबरोबर फिरून बेअरिंग घासते, आणि मग खरोखरच फट वाढते.

ऑइल बदलण्यासाठी मी किलोमीटर मोजत नाही, कारण गाडी वर्षाला फारच थोडी चालते. दसऱ्याला गाडीची पूजा होते त्या आठवड्यात एकदा, म्हणजे पावसाळ्याचा ओलावा काढून टाकण्यासाठी, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास एकदा, उन्हाळ्याच्या तयारीसाठी, अशा दोन वेळा ठरलेल्या आहेत. दोन्ही वेळा फिल्टर बदलतो आणि तो चांगल्या दुकानातूनच घेतो, कारण हलक्या फिल्टरमध्ये ऑइल मागे न जाऊ देणारी रबरी झडप नीट बसत नाही आणि रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. काढलेले ऑइल मापाच्या भांड्यात मोजतो आणि भरलेल्या मापाशेजारी वहीत लिहून ठेवतो.

हे सगळे करूनही, म्हणजे ऑइल शुद्ध आहे, ग्रेड योग्य आहे, स्विच आणि फिल्टर नवे आहेत, आणि तरीही यांत्रिक गेजवर तापलेल्या इंजिनाचा दाब मॅन्युअलच्या आकड्याखाली राहतो, असे असेल तर आधी रिलीफ व्हॉल्व्ह काढून ती गाळाने अडकली आहे का ते पाहावे आणि पंपाची झीज मोजून घ्यावी. तेथेही काही सापडले नाही तर चेंबर उतरवून मेन आणि बिगएंड बेअरिंग तपासण्याची वेळ आली आहे असे समजावे, आणि ते काम होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नये.